ऑफिसातलं वर्कस्टेशन घरी आलं, तर

पिंपरी-चिंचवडमधल्या एका इंजिनिअरिंग डिझाइन ऑफिसच्या सिस्टिम्स विभागात माझी सगळी नोकरी झाली. डिझायनर ज्या मशिनांवर गाड्यांचे भाग काढायचे, ती मशिनं सकाळी त्यांच्या आधी जागी असावीत आणि संध्याकाळपर्यंत जागी राहावीत, एवढं माझं काम. आता निवृत्त झाले, तरी सोसायटीतल्यांचे, नातेवाइकांचे, जुन्या सहकाऱ्यांच्या मुलांचे फोन येतात. त्यातला एक प्रश्न ठरलेला. कुठल्याशा कंपनीची जुनी वर्कस्टेशन्स विकायला निघाली आहेत, किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानात कुणीतरी दाखवलंय. झिऑन प्रोसेसर आहे, ३२ जीबी रॅम आहे, ग्राफिक कार्डावर क्वाड्रो लिहिलंय, आणि भाव नव्या लॅपटॉपच्या निम्मासुद्धा नाही. घरी वापरायला घ्यावं का?

उत्तर द्यायला मी वेळ घेते, कारण होकार आणि नकार दोन्ही बरोबर ठरलेले मी पाहिले आहेत. एकाच मॉडेलचं मशीन एका घरात रात्ररात्र राबतं आणि दुसऱ्या घरात त्याच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे ठेवलेले असतात. तेव्हा मशिनाची माहिती विचारण्याआधी मी घराची माहिती विचारते.

ही मशिनं ऑफिसातून बाहेर का पडतात, हे आधी समजून घ्यायला हवं. बिघडली म्हणून क्वचितच पडतात. वर्कस्टेशन साधारणपणे तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसह येतं. ती संपली की वर्षाच्या देखभालीची एएमसी करावी लागते आणि तिचा दर वर्षागणिक चढत जातो. तिकडे अकाउंट्सवाले संगणकावर ४० टक्के घसारा लावतात, म्हणजे लाखाचं मशीन चार वर्षांत पुस्तकात १३ हजारांच्या खाली येतं. पाचव्या वर्षी डिझायनर म्हणतो, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यावर रखडते. मग जुन्या मशिनाची बाजू घ्यायला कुणीच उरत नाही. त्याचा लॉट लागतो. पूर्वी तो कुणीही व्यापारी उचलायचा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि मोठ्या ऑफिसांना नोंदणीकृत रिसायकलर किंवा रिफर्बिशरकडेच माल देणं बंधनकारक झालं. मशीन देण्याआधी आम्ही हार्ड डिस्क काढून नष्ट करायचो, कारण त्यावर ग्राहकाची डिझाइन्स असायची. म्हणून दुकानात जे दिसतं ते बिनडिस्कचं, बिनसॉफ्टवेअरचं खोकं असतं.

त्या खोक्याची एक जमेची बाजू मात्र खरी आहे. त्याचं आयुष्य घरच्या पीसीपेक्षा सुखात गेलेलं असतं. एसीची खोली, ऑनलाइन यूपीएसची वीज, धूळ कमी, आणि जरा आवाज बदलला की धावत येणारं माझ्यासारखं माणूस. मशिनाचा भाव उतरतो तेव्हा फक्त खोक्याचा उतरतो. एसी, यूपीएस, लायसन्सचा सर्व्हर, दुसऱ्या दिवशी सुटा भाग घेऊन येणारा कंपनीचा इंजिनिअर आणि सिस्टिम्स विभाग यांतलं काहीच त्या भावात येत नाही. ती कामं मात्र घरी येतात, आणि घरातल्याच कुणाच्यातरी वाट्याला जातात. मी घराची माहिती विचारते ती यासाठी.

माझी नोकरी सुरू झाली तेव्हा वर्कस्टेशन म्हणजे युनिक्सचं मशीन. सन, सिलिकॉन ग्राफिक्स, एचपी, आयबीएम. प्रत्येकाचा प्रोसेसर वेगळा, युनिक्स वेगळं, कीबोर्डची पिनसुद्धा वेगळी. सनचं सोलारिस, सिलिकॉन ग्राफिक्सचं आयरिक्स. डिझाइनच्या कॅटिया सॉफ्टवेअरची व्ही ४ आवृत्ती या असल्या मशिनांवर चालायची. विंडोज एनटीवरही चालणारी व्ही ५ नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली, तोवर आमच्या विभागात पीसी फक्त पत्रं टाइप करायला होता. १९९३ सालच्या सिलिकॉन ग्राफिक्स इंडीबरोबर मॉनिटरवर बसवायचा कॅमेरा यायचा, तेव्हा वेबकॅम हा शब्दही आमच्या कानावर नव्हता. १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ आला. त्याच्या फ्रेम ११७ स्पार्कस्टेशन २० मशिनांवर रेंडर झाल्याचं वाचलं, आणि आमच्या टेबलावरही तेच मॉडेल असल्यामुळे दिवसभर आमची कॉलर ताठ होती.

पुढच्या दहा वर्षांत पीसी इतका पुढे गेला की लाखांची ही मशिनं किलोच्या भावात निघाली. ऑफिसातल्या काही जणांनी एकेक घरी नेलं. मी सन अल्ट्रा ५ नेलं. ते १९९८ चं. त्यातल्या त्यात घरात नांदणारं, कारण त्यात साधी आयडीई डिस्क चालते आणि साधा व्हीजीए मॉनिटर लागतो. एका सहकाऱ्यानं स्पार्कस्टेशन नेलं. त्याच्या ग्राफिक कार्डाला तेरा डब्ल्यू तीन नावाचा कनेक्टर, त्याचा अडॅप्टर शोधण्यापासून तयारी. डिस्कही स्कझी. या यादीतली सगळ्यात नामी गोष्ट म्हणजे एनव्हीरॅमची चिप. सनच्या त्या काळच्या मशिनांत मशिनाचा होस्ट आयडी आणि इथरनेटचा पत्ता एका चिपमध्ये असतो आणि बॅटरी त्या चिपच्या आतच बंद केलेली असते. दहा-बारा वर्षांत ती संपते आणि मशीन स्वतःची ओळख विसरतं. ऑफिसातली लायसन्स होस्ट आयडीला बांधलेली असल्यामुळे असं झालं की आमच्याकडे धावपळ व्हायची. घरी हौशी लोक चिपचं प्लास्टिक कानशीनं खरवडतात, आतल्या तारा उघड्या करतात आणि बाहेरून नाण्याएवढा सेल जोडतात. हे काम मी पाहिलंय. सुरेख होतं, पण ते पाहिल्यावर ‘घरी वापरायला सोयीचं’ असं कुणी म्हणणार नाही.

माझ्या अल्ट्रा ५ वर मी सी प्रोग्रॅम लिहिले, शेल स्क्रिप्ट लिहिल्या, सोलारिसच्या नव्या आवृत्त्या घालून पाहिल्या. त्या कामात ते पीसीहून कुठेच उणं नव्हतं. कीबोर्ड तर आजही मिळणार नाही असा. अडलं ते वेबपाशी. वेबसाइट एचटीटीपीएसवर गेल्या, त्या सांकेतिक जोडणीचे जुने प्रकार बंद झाले, आणि त्या काळच्या ब्राउझरांना बँक तर सोडाच, साधी बातमीची साइटही उघडेना. उघडली तरी देवनागरी युनिकोडच्या जागी चौकोन. विंडोज २००० पासून मंगल फाँट होता, आमच्या त्या लाखमोलाच्या मशिनांना मात्र मराठी वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. सिलिकॉन ग्राफिक्सनं २००६ च्या डिसेंबरात आयरिक्सच्या मशिनांचं उत्पादन थांबवलं आणि २०१३ च्या डिसेंबरात आयरिक्सची देखभालही संपली. तेव्हापासून त्याच्यातल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ लावणारं कुणी नाही. असं मशीन घरच्या वायफायला जोडू नये.

म्हणून युनिक्स वर्कस्टेशनबद्दल कुणी विचारलं तर मी सरळ सांगते. छंद असेल तर जरूर घ्या, रोजच्या वापराला नको. नुसती चव घ्यायची असेल तर क्यूईमू या एम्युलेटरमध्ये स्पार्कवरचं सोलारिस चालतं आणि मेम या एम्युलेटरमध्ये इंडी चालतं, तेही तुमच्या आजच्या लॅपटॉपवर, एक पैसा न देता.

आता फोन येतात ते याच्या पुढच्या पिढीबद्दल, आणि तिथे उत्तर इतकं सोपं नाही. एचपीची झेड मालिका, डेलचं प्रिसिजन, लेनोव्होचं थिंकस्टेशन. आत इंटेलचाच प्रोसेसर, विंडोज चालतं, लिनक्स चालतं, कनेक्टर ओळखीचे. २०१२ ते २०१४ च्या दरम्यानची ही मशिनं बाजारात भरपूर आहेत. वरून पाहिलं तर जरा थोराड पीसीच.

त्यांच्यात खरोखर चांगलं काय आहे ते आधी सांगते. पहिली गोष्ट मेमरी. साध्या डेस्कटॉपमध्ये मेमरीचे दोन चॅनेल असतात, झिऑन ई५ च्या मशिनांत चार. २०१४ च्या झेड ४४० किंवा प्रिसिजन टी ५८१० मध्ये डीडीआर४ ची २१३३ गतीची रॅम चारही चॅनेलवर भरली तर सेकंदाला ६८ जीबीच्या आसपास डेटा येऊ शकतो. त्यानंतरच्या कितीतरी घरगुती पीसींत दोन चॅनेलवर २६६६ ची रॅम असते, ती ४३ जीबीच्या पुढे जात नाही. ज्या कामात मोठे आकडे सतत मेमरीतून आणायचे असतात, उदाहरणार्थ हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाचं गणित, तिथे दहा वर्षांचं हे मशीन तरुणांच्या बरोबरीनं चालतं. शिवाय यांतल्या बऱ्याच मशिनांत सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम बसते. ती साध्या पीसीत चालतच नाही, म्हणून जुन्या बाजारात तिला फारसं गिऱ्हाईक नसतं.

दुसरी गोष्ट, ही रॅम चुका स्वतः पकडते. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटतो, हे पूर्वी लोकांना सांगितलं तर ते हसायचे. २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांच्या नोंदींवरून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चूक आढळली होती. चार तास चाललेल्या गणिताच्या शेवटी एक आकडा गुपचूप बदललेला असणं काय असतं, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. घरी सिनेमा पाहताना असा बिट उलटला तर एक ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल, कुणाला कळणारही नाही.

तिसरी गोष्ट बांधणी. स्क्रू ड्रायव्हर न लावता झाकण उघडतं, डिस्कचे कप्पे सरकून बाहेर येतात, कार्डाला भरपूर जागा, हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार याचा विचार केलेला. लॅपटॉपच्या काळात वाढलेल्या मुलाला संगणक आतून कसा असतो हे दाखवायचं तर याच्याइतका चांगला धडा नाही.

आता घरातली बाजू. पहिली वीज. ई५-१६५० या सहा कोअरच्या प्रोसेसरची कमाल उष्णताच १३० वॉटची, पण माझा आक्षेप कमालीला नाही, रिकामं बसल्यावरच्या खाण्याला आहे. प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर माझ्याकडे आहे. ग्राफिक कार्ड आणि दोन डिस्क असलेलं या पिढीचं मशीन काहीही न करता ८० ते १०० वॉट घेतं. ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीच्या आय५ चा पुस्तकाएवढा छोटा पीसी १० ते १५ वॉटवर बसतो. युनिटला दहा रुपये धरू. रोज आठ तास, १०० वॉट, म्हणजे महिन्याला २४ युनिट, २४० रुपये. छोट्या पीसीचे चाळीस रुपयेही होत नाहीत. महावितरणच्या बिलात हे जादा युनिट घरातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबला जाऊन चिकटतात, तेव्हा प्रत्यक्षात दर याहून जास्तही पडतो. बरेच जण म्हणतात, फोटो आणि सिनेमे साठवायला चोवीस तास चालू ठेवू. तसं केलं तर महिन्याला ७२ युनिट, वर्षाला आठ हजार सहाशेच्या वर. जेवढ्याला मशीन घेतलं जवळजवळ तेवढं दर वर्षी. नुसत्या साठवणीसाठी हे मशीन म्हणजे लग्नाच्या पंगतीचं पातेलं रोजच्या वरणाला चढवणं आहे.

विजेला लागूनच यूपीएस. घरात सहसा ६०० व्हीएचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात साडेतीनशे वॉटच्या आसपास. कामाच्या भरात वर्कस्टेशन आणि मॉनिटर मिळून त्याच्या जवळ जातात. त्यात या मशिनांचे वीज पुरवणारे एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीचे. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की ओबडधोबड लहर देतो, आणि काही एसएमपीएस ती मानत नाहीत, वीज गेल्या क्षणी मशीन बंद. ऑफिसात तळघरात ऑनलाइन यूपीएस होता, डिझायनरला त्याचा पत्ताही नसायचा. घरी तो प्रश्न पहिल्या वादळी संध्याकाळी कळतो.

मग आवाज. इथे पिढीप्रमाणे फरक पडतो. २००६ ते २००८ च्या दरम्यान आलेल्या दोन प्रोसेसरच्या मशिनांत एफबी-डिम नावाची मेमरी होती. एकेक स्टिक दहा वॉटच्या आसपास तापायची आणि तिच्यासाठी वेगळे पंखे घोंघावायचे. ती मशिनं फुकट मिळाली तरी घेऊ नयेत. नंतरची बरीच शांत आहेत, पण शांत म्हणजे ऑफिसच्या एसीच्या आवाजात शांत. रात्री अकराला बेडरूममध्ये तोच पंखा ऐकू येतो.

सुटे भाग हा सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न. बाहेरून पीसीसारखं दिसलं तरी एसएमपीएसचा आकार आणि पिना कंपनीच्या स्वतःच्या असतात. तो गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला एटीएक्स एसएमपीएस बसत नाही. पंख्याचंही तेच. बाजारातला बसवला तर मशीन सुरू होताना ‘पंखा सापडला नाही’ म्हणून अडून बसतं, एफ१ दाबल्याशिवाय पुढे जात नाही. मदरबोर्ड तर त्याच मॉडेलचाच हवा, आणि तिथेही खाचाखोचा. झेड ४२० बाहेरून सगळी एकसारखी. पण ज्याच्या बूट ब्लॉकची तारीख २०११ ची आहे त्यात झिऑनची व्ही २ मालिका चालत नाही, २०१३ ची असेल तर चालते. बायोस अपडेट केल्यानं ती तारीख बदलत नाही. त्याच झेड ४२० ला अनबफर्ड ईसीसी रॅम लागते, झेड ४४० ला रजिस्टर्ड. ही माहिती आमच्या विभागात एका फाइलमध्ये होती. घरी ती फाइल तुम्हालाच ठेवावी लागते.

ग्राफिक कार्डाचं नाव ऐकून लोक सगळ्यात जास्त भुलतात. क्वाड्रो म्हणजे गेमला जबरदस्त, असा समज. क्वाड्रोची किंमत होती ती तपासून घेतलेल्या ड्रायव्हरची. कॅटिया, एनएक्स, सॉलिडवर्क्स यांच्या कंपन्या अमुक कार्ड आणि अमुक ड्रायव्हर चालतो असं प्रमाणपत्र द्यायच्या. ते सॉफ्टवेअर घरी नाही, तर त्या किमतीचा अर्थही घरी येत नाही. त्या काळच्या केप्लर पिढीच्या क्वाड्रोसाठी एनव्हिडियाची ड्रायव्हरची ४७० ही मालिका शेवटची. या कार्डांना यूट्यूबचा आजचा व्हीपी९ व्हिडिओ स्वतः उलगडता येत नाही, आणि झिऑन ई५ मध्ये अंगचं ग्राफिक नसतं. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. आठव्या पिढीचा छोटा आय५ हेच काम हसत-हसत करतो. बँकेची साइट, टॅली, व्हिडिओ कॉल, नातवंडांचे फोटो यांत एकेका कोअरची गती महत्त्वाची असते, सहा की बारा याचा उपयोग नसतो. तिथे छोटा पीसी पुढे जातो.

आणि विंडोज. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. या सगळ्या वर्कस्टेशन्सचे प्रोसेसर त्या यादीबाहेरचे. तपासणी चुकवून ११ घालता येतं, दुकानदार तसं घालूनही देतात. पण पुढचं मोठं अपडेट अडलं तर कुणाला विचारायचं? लिनक्स हा सरळ मार्ग आहे, तरी तिथेही वयाची रेघ ओढली जाऊ लागलीय. २०२५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स२ असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे झिऑन ई५ ची २०१३ पर्यंतची पिढी त्यातून बाद. डेबियन, उबुंटू, मिंट अजून या मशिनांना सांभाळून घेतात.

हे सगळं ऐकल्यावर फोनवरचा माणूस म्हणतो, म्हणजे घेऊ नको? मग मी घराकडे वळते. काम काय आहे? आणि मशीन सांभाळणार कोण?

सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांना पेन्शनचं काम, मराठी टायपिंग आणि भजनं ऐकायला संगणक हवा होता. त्यांच्या मुलाला वर्कस्टेशन स्वस्तात मिळत होतं. मी छोटा पीसी घ्यायला लावला. मॉनिटरच्या मागे चिकटवून टाकला, वायरी दोनच, आवाज नाही. सर आठवड्यातून एकदा तरी तो वापरतात, आणि मला त्याबद्दल कधी फोन करत नाहीत.

डीटीपी करणाऱ्या एका बाईंची गोष्ट उलटी. त्यांचं जुनं मराठी सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टाच्या डाँगलवर चालतं आणि त्याच फाँटमधल्या वीसेक वर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका त्यांच्याकडे साठलेल्या आहेत. नव्या पीसीत ते पोर्ट नाही. त्यांच्यासाठी कार्डाला भरपूर स्लॉट असलेलं जुनं वर्कस्टेशन घेतलं, पॅरलल पोर्टाचं कार्ड घातलं, विंडोजची जुनी आवृत्ती टाकली आणि इंटरनेटची वायर काढून ठेवली. पीडीएफ पेनड्राइव्हवरून दुसऱ्या पीसीत जाते. महिन्याचं वीजबिल जेवढं वाढलं, त्याहून अधिक त्या या मशिनावर कमावतात. त्यांना संगणकातलं फार कळत नाही, पण त्यांचा नेहमीचा रिपेअरवाला दोन गल्ल्या पलीकडे आहे आणि त्याच मॉडेलचं एक मशीन त्यानं सुट्या भागांसाठी ठेवलंय. म्हणजे सिस्टिम्स विभाग आहे, फक्त तो घराबाहेर आहे.

नाशिकला माझ्या बहिणीचा मुलगा मेकॅनिकलला होता. शेवटच्या वर्षी ओपनफोमवर पंख्याच्या पात्यांभोवतीच्या हवेचं गणित करायचं ठरवलं त्यानं. सॉफ्टवेअर मोफत, पण लॅपटॉपची आठ जीबी रॅम जाळी तयार होतानाच संपायची. “मावशी, वर्कस्टेशन चालेल का गं?” असं त्यानं विचारलं तेव्हा पहिल्यांदाच मी लगेच हो म्हटलं. काम नेमकं मेमरीचं होतं, रात्री चालवून सकाळी उत्तर पाहायचं होतं, आणि पोरगं झाकण उघडायला घाबरणारं नव्हतं.

आम्ही दोघं खरेदीला गेलो. दुकानात काय बघायचं ते त्याला तिथेच शिकवलं. आधी मशीन चालू करून बायोसमध्ये जायचं. कंपनीचा पासवर्ड तसाच राहिला असेल तर ते मशीन सोडून द्यायचं. मग मेमरीचे सगळे स्लॉट चालतात का ते पाहायचं, एकेक स्टिक फिरवून. झाकण उघडून कपॅसिटर फुगलेत का, पंखे मोकळे फिरतात का, मूळ एसएमपीएस आहे का. डिस्क घेताना सॅसची डिस्क गळ्यात पडू द्यायची नाही. साटाची डिस्क सॅसच्या कंट्रोलरला चालते, सॅसची डिस्क साटाच्या पोर्टाला चालत नाही. आणि घरी आल्यावर धूळ काढणं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावणं, बायोसचा सेल बदलणं, साधी साटा एसएसडी लावणं ही कामं वापर सुरू करण्याआधी करायची. त्यानं ती दोन दिवस मन लावून केली. लिनक्स टाकलं, रॅम ६४ जीबी केली.

मशीन हॉलमध्ये ठेवलं, झोपायच्या खोल्यांपासून दूर. प्रोजेक्ट त्यावर पूर्ण झालं. मग ब्लेंडर शिकणं सुरू झालं, मित्रांची गणितंही रात्री त्यावर चालायला लागली. बहिणीची तक्रार एकच, मे महिन्यात हॉल गरम होतो. तिला मी वीजबिलाचा हिशेब करून दाखवला. क्लाउडवर तेवढी मेमरी भाड्यानं घेण्यापेक्षा हे स्वस्त पडत होतं, कारण पोराचं काम रोजचं होतं. महिन्यातून एखाददा गणित करणाऱ्याला मी भाड्यानंच घ्यायला सांगते.

पुढे त्याला बेंगळुरूला नोकरी लागली. मशीन घरीच राहिलं, त्याचे वडील वापरतील म्हणून. पहिल्या महिन्यात सुरू होताना पंख्याची सूचना येऊन ते थांबलं. वडिलांनी मला फोन केला, एफ१ दाबा म्हटलं, चाललं. नंतर लिनक्सच्या अपडेटनंतर ग्राफिकचा ड्रायव्हर उतरला. पडदा काळा. फोनवरून ते सुधारायला मला आणि भाच्याला मिळून एक रविवार लागला. मशिनात काहीच बिघडलं नव्हतं. या असल्या गोष्टी तो घरी असताना आठवड्याला घडत असणार आणि चहा पिता पिता सुटत असणार. त्यानं कधी त्या मोजल्या नाहीत, आम्हाला कधी कळल्या नाहीत.

त्या रविवारनंतर मी मेहुण्यांना छोटा पीसी घ्यायला सांगितलं. वर्कस्टेशन भाच्याच्या कॉलेजातली ज्युनिअर मुलगी घेऊन गेली. तिला पाण्याच्या पंपाचं गणित करायचंय आणि मेमरी हवीय. जाताना तिनं मला फोन करून दोनच गोष्टी विचारल्या, रॅम रजिस्टर्ड आहे का आणि एसएमपीएस मूळचा आहे का. तिला मी घराबद्दल काहीच विचारलं नाही.